मिशीच्या बदल्यात कमल

१४ नोव्हेंबर २०२४, धुळे

आजपासून लिहिणार. रोज नाही, घडेल तसं. पुरावा म्हणून. उद्या कोणी म्हणालं की निंबा बोरसे यांनी सगळ्याला होकार दिला होता, तर तारखेनिशी दाखवता यावं.

सकाळी जळगावहून अर्पितचा फोन. प्रकाशचंद शेठचा नातू. शेठच्या छापखान्यातून एक्क्याण्णव ते सत्त्याण्णव या काळात 'वायरमन' या कॉमिकचे चौदा अंक निघाले. चित्रं माझी. तेव्हा मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-दोन अंक काढून ठेवायचो. एसटी स्टँडवरच्या पेपर स्टॉलला दोरीवर टांगलेले असायचे ते.

वायरमन म्हणजे सुकलाल. पंचेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, झुपकेदार मिशीचा, खाकी शर्टातला. अंगावर वीज पडल्यापासून तो एका खांबाशी तारेत शिरतो आणि दुसऱ्या खांबाशी बाहेर निघतो. मधेच लाइट गेली की तारेतच अडकतो. मग त्याची बायको कमल डीपीपाशी, म्हणजे गावाला वीज सोडणाऱ्या पेटीपाशी, जाऊन त्याला सोडवते. पोरं वेडी झाली होती.

अर्पित म्हणतो, मुंबईच्या एका कंपनीला त्यावर सिनेमा करायचाय. पण त्याआधी कॉमिक नव्याने काढायचं, अंक पहिल्यापासून. "निंबा अंकल, तुम्हीच काढा ना."

अंकल! याचा बाप मला सर म्हणायचा.

हो म्हणालो. वायरमन माझा आहे, दुसऱ्याच्या हाती देणार नाही. जीवरामला कळवायची काही गरज नाही. तो माझा शाळासोबती. नरडाण्याला खराखुरा वायरमन होता, खांबावरचे किस्से सांगायचा. किस्से कोणीही सांगतं. ज्याने काढलं त्याचं असतं ते.

२१ नोव्हेंबर, जळगाव

पारोळा, एरंडोल करत अडीच तास एसटीत. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर बैठक. अर्पित, कोपऱ्यात खुर्चीत प्रकाशचंद शेठ, आणि मुंबईहून आलेला भूपेंद्र. पांढरे बूट. हात मिळवताना त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, फोनकडे होतं.

त्याने भिंतीवर एक चित्र लावलं. चोवीस वर्षांचा पोरगा. पोट नाही, मिशी नाही. चकचकीत काळा सूट, छातीवर विजेची खूण.

"हा कोण?" मी विचारलं.

"वायरमन, सर."

"याला खांबावर चढवून दाखवा. खाली सगळं गाव हसेल."

भूपेंद्र हसला. मला ते हसणं आवडलं नाही. म्हणाला, "सर, सिनेमाला दोन वर्षं आहेत. तोवर कॉमिकचे सहा अंक बाजारात पाहिजेत. पब्लिकला वाटलं पाहिजे की वायरमन असाच होता. पोस्टर आणि अंक शेजारी ठेवले तर एकच माणूस दिसायला हवा."

"असा नव्हता तो."

"म्हणूनच तर अंक पहिल्यापासून."

म्हणजे सिनेमा कॉमिकवरून नाही. कॉमिकच सिनेमावरून, आणि तेही सिनेमाच्या आधी. चौतीस वर्षं शिकवलं मी, असली उलटी वही कुठल्या ढ पोरानेही दाखवली नव्हती मला. मी सांगून टाकलं, पोट गेलं तरी चालेल, वयाचं बघू, पण मिशी जाणार नाही. मिशी म्हणजेच वायरमन.

तेवढ्यात कोपऱ्यातून शेठ बोलले, "मास्तर, ती मिशी मीच लावायला सांगितली होती ना? तेव्हा एका मिशीवाल्या हिरोचं पिक्चर जोरात चाललं होतं. तुम्ही आधी सफाचट काढला होता."

शेठ चौऱ्याऐंशीचे झाले. काहीबाही आठवतं त्यांना.

३ डिसेंबर

मेलवर फर्मान आलं. नरडाणा नको, शहर पाहिजे. खाकी नको. लोडशेडिंग काढून टाका, प्रेक्षकाला ते जुनं वाटतं. हे मी वाचत होतो तेव्हा आमच्या गल्लीत सकाळपासून लाइट नव्हती आणि लॅपटॉप शेवटच्या दमावर होता.

लाइट गेल्यावर अडकत नसेल तर तो हिरो कसला? त्याला भीती कशाची? प्रत्येक मागणीपुढे लाल शाईने उत्तर लिहिलं, फोटो काढून पाठवलं. उलट फक्त अंगठा आला. भूपेंद्रचा पिवळा अंगठा.

१२ डिसेंबर

अर्पितने दगाबाजी केली. मला न विचारता परस्पर नरडाण्याला जाऊन आला. जीवरामकडे दोन तास बसला, चहा घेतला, फोनवर त्याचं बोलणं भरून घेतलं. आता म्हणतो, "सर, चौदाही अंकांच्या गोष्टी जीवरामभाऊंच्या आहेत. अंकावर त्यांचं नाव कुठेच नाही. या वेळी कथा म्हणून लावू या."

डाव स्पष्ट आहे. माझ्याशी जमलं नाही की जीवरामला पुढे करायचं.

जीवरामला फोन लावला. मी मुद्दाम प्रमाण मराठीत बोललो. "तू त्यांना काय काय सांगितलंस?"

"जे तुले सांगं व्हतं तेच," तो अहिराणीतच म्हणाला. "निंबा, नाव लाव नही ते नको लाऊ, माले काय. फक्त पहिला अंक सुगंधाले दखाडजो. ती वाट पाही ऱ्हायनी."

सुगंधाबाई त्याची बायको. तिच्याकडे म्हणे चौदाही अंक ट्रंकेत आहेत आणि नातवंडांना ती कमलच्या गोष्टी 'मी' म्हणून सांगते. 'मग मी डीपीकडे गेले, मग मी काठी उगारली.' असतात लोक असे. कमलचा चेहरा मी कॅलेंडरवरून घेतला होता.

जीवरामच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. ती गेली त्याच वर्षी त्याने किस्से सांगायला सुरुवात केली. नाव लावण्याचा विषय मी अर्पितकडे पुन्हा काढलेला नाही. त्यानेही काढू नये.

२८ डिसेंबर

आज जिंकलो. सविस्तर लिहून ठेवतो.

भूपेंद्र फोनवर होता, अर्पितही. भूपेंद्रचं नवं तुणतुणं असं की हिरोला दुःख पाहिजे. "सर, याच्याकडे लॉसच नाही. बायको आहे, भाकरी आहे, सुखी माणूस आहे. त्याला ताकद वापरावीशी का वाटेल? पहिल्याच अंकात बायको गेली पाहिजे. पान सहा. मग पुढे सिनेमात हिरोइनला जागा होते."

अर्पित म्हणाला, "कमलला मारायचं? सर, तुम्ही सांगा ना त्यांना."

मी विचार केला. इतके दिवस हे लोक घेतच होते, देत काही नव्हते. आता त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी म्हणालो, "पान सहाला कमल जाईल. पण मिशी राहील. लेखी द्या."

भूपेंद्र लगेच म्हणाला, "डन, सर."

त्या एका क्षणात मला कळलं की या लोकांशी कसं बोलायचं असतं. अर्पितने मात्र फोन ठेवून दिला. तोंड पडलं असणार, त्याला मध्ये न घेता मी परस्पर सौदा केला म्हणून.

स्वयंपाकघरात जाऊन बायकोला, रत्नाला, सांगितलं. ती भाजी परतत होती.

"कमलला?" तिने विचारलं.

"मिशी वाचली."

तिने गॅस बंद केला. भाजी अर्धी कच्ची होती. मला वाढली तीच. रत्नाला कॉमिकमधलं काही कळत नाही, पहिल्यापासूनच.

१९ जानेवारी २०२५

पान सहा पूर्ण. इतक्या वर्षांत एवढं चांगलं काही काढलं नव्हतं.

जीवरामचा एक जुना किस्सा होता. तो खांबावर असताना पिठाच्या गिरणीवाला लाइन चालू करायला डीपीकडे निघाला. सुगंधाबाईने स्विचच्या दांडीवर हात ठेवला, दुसऱ्या हातात काठी घेतली आणि दोन तास कोणाला जवळ येऊ दिलं नाही. तेव्हा तिला सातवा महिना होता. पाचव्या अंकात मी ते जसंच्या तसं घेतलं होतं. आता तोच प्रसंग उलटा केला. या वेळी चार जण येतात, ढकलाढकली होते, कमल तारेवर पडते. वरून सुकलाल पाहतो. एका चौकटीत नुसता तिचा चेहरा.

शाई फिरवल्यावर लक्षात आलं की नाकात फुली काढली गेली, तीन खड्यांची, थोडी तिरकी. प्रत्येक अंकात तशीच आहे. हात आपोआप जातो.

जीवरामकडे पानं पाठवायची का, असं अर्पितने विचारलं. मी म्हणालो, छापल्यावरच बघू देत, मजा येईल त्यांना.

८ फेब्रुवारी, जळगाव

आज प्रकाशन झालं.

हॉलच्या दारात अंकांचा ढीग. वरचा उचलला. मुखपृष्ठ मी काढलेलं नव्हतं. संगणकावरचा तोच पोरगा, काळ्या सुटातला, आणि मिशीच्या जागी चार दिवसांच्या दाढीची खुंटं. मी भूपेंद्रला गाठलं. तो म्हणाला, "सर, आत सगळीकडे आहे ना मिशी. मुखपृष्ठ मार्केटिंगचं असतं." मी आत पाहिलं. आतही कापली होती. माझ्या रेषेवर कोणीतरी मशीन फिरवून झुपक्याची रेघ केली होती. शेवटच्या पानांवर तर रेघही नव्हती. फसवलं मला. लेखी घेतलेलं होतं. सगळ्यांसमोर त्याला खोटारडा म्हणालो. अर्पितने मला बाजूला घेतलं तर त्यालाही बोललो.

या गडबडीत मागे वळून पाहिलं तर दुसऱ्या रांगेत जीवराम आणि सुगंधाबाई. अर्पितने बोलावलं होतं त्यांना. सकाळच्या गाडीने नरडाण्याहून आले होते. ती नवं लुगडं नेसलेली. मांडीवर अंक उघडा, ओळीवर बोट. पान सहा.

जाऊन उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं.

तिने वर पाहिलं. "निंबाभाऊ, माले कसाले मारं?"

"अक्का, ती कमल आहे. चित्रातली बाई."

"मंग हाई फुली कोनी शे?" तिने बोट चित्रावरून उचलून स्वतःच्या नाकावर ठेवलं. तीन खड्यांची, थोडी तिरकी.

"सिनेमावाल्यांनी सांगितलं. माझ्या हातात काय होतं?"

"त्यास्नी सांगं. काढं कोनी?"

मी काही म्हणणार तेवढ्यात जीवरामने अर्पितला विचारलं, असं का केलं म्हणून. पोरगा खोटं बोलू शकला असता. पण म्हणाला, "सरांना मिशी राखायची होती. त्याच्या बदल्यात."

सुगंधाबाईने आधी अंकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मिशीना बदलामा मी?" असं म्हणून ती हसली. मोठ्याने हसली. शेजारच्या खुर्च्यांवरचे लोक वळून बघायला लागले. मग तिने अंक मिटून खुर्चीवर ठेवला आणि उठली. जीवराम तिच्या मागे. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. पन्नास वर्षांची ओळख.

एका कॉमिकवरून! आणि मिशीबद्दल मला जो त्रास झाला त्याचं कोणालाच काही नाही.

९ फेब्रुवारी

रत्नाने अंक वाचला. दुपारी तिने नरडाण्याला फोन लावलेला ऐकू आला. मला दार लावून घ्यायला सांगितलं.

२० मार्च

अर्पितचा फोन. मी त्याच्याशी बोलत नाही, तरी उचलला.

सिनेमा गेला. कंपनीला आता पोरगा नको. तसले तीन सिनेमे एकामागून एक पडले, म्हणून त्यांना बाई पाहिजे. साधी बाई, गावातली, घरातली, जिच्या हातात ताकद आहे अशी. आणि भूपेंद्रने स्वतःहून विचारलं म्हणे, "तुमच्या जुन्या अंकात ती स्विच धरून उभी राहणारी बायको होती ना, तिच्यावर काही होईल का? नव्याने, अंक पहिल्यापासून?"

मी फोनवरच हसत सुटलो. तीन महिन्यांपूर्वी ज्यांनी तिला मारायला लावलं त्यांनाच ती आता पाहिजे.

अर्पित हसला नाही. "सर, सिनेमा होईल न होईल. मला कमलचं कॉमिक काढायचंच आहे. पण सुगंधाबाईंना विचारल्याशिवाय नाही."

"मी विचारतो," म्हणालो. "आमची जुनी ओळख आहे." खरं तर चांगलीच बातमी आहे. तिला आनंद होईल. मरण मागे घेतलं म्हणजे झालं, त्यात रुसण्यासारखं काही उरत नाही.

२३ मार्च, नरडाणा

सोनगीरवरून एसटी. ऊन आत्ताच डोळ्यांत जायला लागलंय.

सुगंधाबाई ओट्यावर लाल मिरच्या निवडत होती. जीवराम खाटेवर. "बठा," तो म्हणाला, परक्या माणसाला म्हणतात तसं. एरवी तो मला 'बठ रे' म्हणतो.

मी सगळं सांगितलं. कमल परत येणार, या वेळी तीच हिरो, मुखपृष्ठावर तीच. म्हणालो, "अक्का, तुम्हाला जिवंत केलं बघा."

तिने मिरचीचं देठ मोडलं. "कोनी करं?"

"म्हणजे... सिनेमावाल्यांचीच इच्छा आहे."

"मारताना तुम्ही माले इचारं नही," ती म्हणाली. "आते जित्ती करताना बी त्यास्नीच सांगं. उद्या त्यास्ले परत नको झाई, मंग?"

"मग बघू."

"तेच ते. मी काय फूज शे का, वाटनं तव्हय लावं, वाटनं तव्हय काढं?"

जीवराम छताकडे पाहत होता. मी त्याला म्हणालो, "तू तरी सांग. तुझं नाव लावतो आता, कथा म्हणून."

"मना नही, तिनं लाव," तो म्हणाला. "मी खांबवर व्हतू. खाल काय चाली ऱ्हायनं ते माले काय दखाई? बठ्ठं तिनीच सांगेल शे. मी तुले सांगं, तू काढं."

म्हणजे किस्से त्याचेही नव्हते. तीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं, असं जीवराम म्हणाला. उलट उत्तर देण्याची त्याला सवय नाही, तरी दिलं.

सुगंधाबाई म्हणाली, "तुम्ही काढा. पन मनी फुली नको, मनं तोंड नको." आणि चहा ठेवायला आत गेली. चहा दिला. त्या घरात चहा न देता कोणाला पाठवत नाहीत, एवढ्यासाठीच.

१५ एप्रिल

फुलीशिवाय कमल काढतोय. बावीस चेहरे झाले. गोल, लांबट, हनुवटीवर गोंदण असलेले. अर्पितला पाठवले. तो म्हणतो, "सर, यातली कमल कोणती?"

कॅलेंडर शोधलं, ज्यावरून चेहरा घेतला होता ते. सापडलं नाही. रत्ना म्हणाली, "असं कुठलं कॅलेंडर आपल्याकडे नव्हतंच. आपल्या लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा नरडाण्याला जीवरामभाऊंकडे जेवायला गेला होतात, त्या दुपारी घरी येऊन काढली होती ती."

बायकांच्या काय काय लक्षात राहतं.

२ मे

अर्पितला कळवलं की माझी तब्येत बरी नाही, दुसरं कोणी बघ. त्याने आग्रह केला नाही. पलक म्हणून जळगावचीच मुलगी आहे, शेठच्या नात्यातली, तिला देतो म्हणाला. ती आधीच नरडाण्याला जाऊन चार दिवस राहून आली म्हणे. मिरच्या निवडायला बसली, विचारत राहिली, सुगंधाबाईने फुली द्यायला होकार दिला. अटीही घातल्या आहेत. तिच्या मर्जीशिवाय कोणी मरायचं नाही आणि सिनेमासाठी काही बदलायचं नाही.

चार दिवस! चित्रकाराला चेहरा एकदा बघून पुरला पाहिजे.

भूपेंद्रला अट कळवल्यापासून त्याचा फोन बंद आहे. अर्पित तरीही छापतोय. वेडा आहे.

२४ जून

कमलच्या पहिल्या अंकाची कच्ची प्रत अर्पितने पाठवली, 'आदरपूर्वक' असं लिहून. आतल्या पानावर: कथा सुगंधाबाई आणि जीवराम. चित्रं पलक. खाली बारीक अक्षरात, मूळ चित्रकार निंबा बोरसे.

लाल पेन घेऊन बसलो. चुका शोधायला, खोटं कशाला लिहू. पलकचा हात कच्चा आहे. माणसांचे पाय तिला जमत नाहीत. सुकलालचं पोट मात्र जमलंय, आणि तो तारेत अडकतो ते पान वाचताना मला पुढचं पान लवकर उलटावंसं वाटलं. सातव्या महिन्यातली कमल दांडीवर हात ठेवून उभी आहे आणि तिच्या कपाळावरचा घामही दिसतो. तो मी कधी काढला नव्हता.

तेव्हा मला पाहिजे ते सापडलं. स्विचची दांडी! पलकने ती खांबाच्या डाव्या बाजूला काढली होती. ठळक गोल केला, अर्पितला लगेच फोन लावला. "चौदा अंक मी ती उजवीकडे काढली. निदान आधीचं पाहून तरी काढायचं."

"सर, पलकनेही आधी उजवीकडेच काढली होती, तुमचं पाहून. सुगंधाबाईंनी दुरुस्त करायला लावलं. म्हणाल्या, निंबाभाऊ नेहमी चुकीची काढायचे. दांडी डावीकडे होती, म्हणून काठी उजव्या हातात धरता यायची."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"त्या म्हणाल्या, एकदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, चित्रात तशीच बरी दिसते."

मी फोन ठेवला. मला आठवत नाही असं काही म्हटलेलं. म्हणालो असेन. बरी दिसतेच ती तशी.

२६ जून

झोप लागली नाही. रत्नाला म्हणालो, मी नरडाण्याला जाऊन येतो. त्यांच्या घरी नाही, नुसता डीपी बघून येतो. तो अजून तसाच जुना आहे, असं तिनेच सांगितलं. ती आता दर आठवड्याला सुगंधाबाईशी बोलते.

"बरोबर येऊ?" तिने विचारलं.

"नको," म्हणालो.

२७ जून, नरडाणा

दांडी डावीकडे आहे.